ओढ्यावरून परत आलेला डबा

१

साठीच्या आसपास माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कुणी बोन्साय करतं, कुणी मॅरेथॉन पळतं. आमच्या ह्यांना सोनं लागलं. ‘हे’ म्हणजे जयप्रकाश, माझे यजमान. जपानात त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत ते धातूंवर काम करतात. आठवडाभर धातू बघून त्यांचं पोट भरत नाही, म्हणून शनिवारी डोंगरात जाऊन ओढ्यातली वाळू धुतात.

आता ते सोनं म्हणजे काय, तेही ऐका. दोन-अडीच तास गाडी हाकत उत्तरेला जायचं. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. मोठ्या दगडांच्या मागची, कपारीतली वाळू खुरप्याने उकरायची आणि काळ्या प्लास्टिकच्या पसरट थाळीत घालून पाण्यात हेलकावे देत राहायचं. मी तिला परात म्हणते. हलकी वाळू वाहून जाते, जड काळी वाळू तळाशी राहते आणि नशीब असलं तर तिच्या कडेला एक पिवळा ठिपका दिसतो. ठिपका म्हणजे ठिपकाच, खसखशीचा दाणा त्याच्यापुढे पैलवान. तो ओल्या बोटाने टिपायचा आणि काचेच्या कुपीत टाकायचा. एवढ्या वर्षांची सगळी कमाई कुपीच्या बुडाला जेमतेम चिकटलेली आहे.

“ह्याची माझ्या कुड्यांची फिरकी तरी होईल का हो?” मी विचारते.

“लता, सोनं मिळवायला कोण जातंय? बघायला जातो.”

ओढ्याचं पात्र सरकारी आहे. हाताने वाळू धुवायला तिथे कुणाची हरकत नाही, हे त्यांनी गावच्या कचेरीत दोनदा विचारून घेतलं होतं. नियमाच्या बाबतीत ते जपान्यांहून जपानी. मी बरोबर जाते ती घडीची खुर्ची, विणकाम आणि जेवणाचा डबा घेऊन. कधी लहर आली तर परातही धरते आणि खरं सांगायचं तर माझ्या हाताला त्यांच्यापेक्षा जास्त लागतं. तांदळातले खडे पाण्यात हेलकावून काढण्यात माझं लहानपण गेलंय. तोच हात इथे चालतो.

असे आमचे शनिवार जात होते आणि मला ते फार आवडत होते. लेक दीप्ती नोकरीला ओसाकात, घरी आम्ही दोघंच, कामापुरतं बोलणारी. ओढ्यावर मात्र आम्ही पुन्हा गप्पा मारायला लागलो होतो.

२

ऑक्टोबरातली गोष्ट. झाडं लाल व्हायला लागली होती. हे वरच्या डोहाच्या कडेला उभे राहून वाळू धूत होते आणि मी खालच्या वळणावर थर्मासमधला चहा ओतत होते. परातीचा एक ठरावीक आवाज असतो, खसक-खसक असा. तो थांबला. ठिपका दिसला असेल, असं मला वाटलं. दोन्ही कपांत चहा ओतून झाला तरी आवाज सुरू होईना, तेव्हा मी उठून वर डोहाकडे गेले.

डोहात परात एकटीच गोल गोल फिरत होती. हे नव्हते.

मला पोहता येत नाही. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. प्रवाहाने खाली नेलं असेल, म्हणून डोहाकाठच्या सपाट दगडावरून धावत मी खालच्या वळणापर्यंत गेले. पाणी उथळ, तिथे कुणी नाही. परत फिरले, धापा टाकत पुन्हा वर आले.

तर हे त्या सपाट दगडावर कुशीवर झोपलेले. ज्या दगडावरून मी आत्ताच धावत गेले होते, त्याच दगडावर. बुडालेल्या माणसाला जसं ठेवतात तसं नीट, तोंड खाली करून, एक हात गालाखाली. तोंडातून पाणी येत होतं. मग खोकला आला आणि मी तिथेच मट्‌कन बसले.

कुणीतरी ओढून काढलं होतं, हे तर उघड होतं. हे अंगाने काही लहान नाहीत, त्यात रबरी बूट पाण्याने भरलेले. मी चहूकडे बघून हाका मारल्या, जपानीत, मग मराठीतच. कुणी उत्तर दिलं नाही. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी ती लगेच मनाच्या मागे सारली. ह्यांच्या खालचा दगड ओला होता. पण पाण्यापासून तिथपर्यंत एक थेंब नव्हता. आजूबाजूचा दगड कोरडा ठणठणीत होता. ऊन होतं, वाळला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

इस्पितळात डॉक्टरांनी सगळं तपासलं. छातीत पाणी नाही, हृदय ठीक. फक्त उजव्या मनगटाभोवती एक फिकट पट्टा उमटला होता, बांगडीसारखा, पण वेढा एकाहून जास्त. “वेलीत हात अडकला असेल,” डॉक्टर म्हणाले.

“वेल नव्हती,” हे मला मराठीत हळूच म्हणाले. “कुणीतरी हात धरला होता. अगदी हळू, लता. रस्ता ओलांडताना म्हाताऱ्याचा धरतात तसा.”

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी देवापुढे बसून ढसाढसा रडले. माझा माणूस मला परत मिळाला होता. दुसरं काही मला नको होतं.

३

आता ज्याने एवढं केलं त्याला कोरडं ‘अरिगातो’ म्हणून कसं भागेल? आणि म्हणायचं तरी कुणाला? असेल कुणी आसपासचा म्हातारा, नाहीतर दुसरा एखादा आमच्यासारखाच वाळू धुणारा. लाजून निघून गेला असेल. हे लोक उपकार करून पळतात.

मी बेसनाचे लाडू केले. तूप हात आखडता न घेता घातलं, वर एकेक बेदाणा लावला. माझ्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यात भरले. ह्यांना थोडं बरं वाटल्यावर आम्ही दोघं तिकडे गेलो आणि तो डबा मी त्या सपाट दगडावर ठेवला. कावळ्यांनी उघडू नये म्हणून झाकणावर एक धोंडा ठेवला. हात जोडले. हे म्हणाले, “डबा गेला तुझा.” म्हटलं, जाऊ दे, नवरा आला ना.

पुढच्या शनिवारी डबा तिथेच होता. धोंडा बाजूला काढून ठेवलेला, डबा घासूनपुसून लख्ख. माझ्याकडूनही इतका निघत नाही. मी उचलायला गेले तर हात खाली आला. डबा भरलेला होता. थंडी अशी होती की तोंडातून वाफ निघत होती, पण डबा कोमट होता, गॅसवरून काढून नुकताच भरल्यासारखा.

आत काळी वाळू होती, स्वच्छ धुतलेली, आणि तिच्यावर पोह्यांवर खोबरं पेरावं तसं सोनं पेरलं होतं. आमच्या कुपीतल्या सगळ्या सोन्याने त्याचा एक कोपरासुद्धा भरला नसता.

ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आणि मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. सोन्याचा नव्हे. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. ह्या देशातही दिल्याघेतल्याची परतभेट असते, पण ती दुकानातून, कागदात गुंडाळून, बेताच्या किमतीची. माझाच डबा, घासून, भरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच परत आला होता.

“माणसं आहेत हो,” मी म्हटलं. “रीत कळते त्यांना.”

ते सोनं पोलीस चौकीत द्यायचं का, यावर गाडीत आमचा बराच वाद झाला. हे म्हणजे सापडलेली छत्रीसुद्धा चौकीत नेऊन देणारा माणूस. मी म्हटलं, सापडलेलं नाही हे, दिलेलं आहे. भेट कुणी चौकीत देतं का?

तिथेच थांबायला हवं होतं. डबा गेला, डबा आला, फिटलं. पण भरलेला डबा घरी आला की तो धुऊन पुन्हा काहीतरी घालून पाठवल्याशिवाय आपल्या बायकांना झोप लागत नाही. मी त्या आठवड्यात चकल्या केल्या.

४

ओढ्याकडे वळायच्या आधी हिराई-सानांचं भाजीचं छोटं दुकान आहे. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, मुळे आणि शिताके मशरूम विकतात. त्यांना मी विचारलं, वर डोहाकडे कोण राहतं?

“वर?” ते म्हणाले. “वर कुणी राहत नाही. मी लहान असतानाही नव्हतं.”

“पण कुणीतरी आमचा डबा भरून परत करतं,” असं म्हणत मी पिशवीतून डबा काढून दाखवला.

हिराई-सानांनी कमरेचा अ‍ॅप्रन सोडला, घडी करून बाजूला ठेवला आणि वाकले. मला नाही, डब्याला. मग पुन्हा अ‍ॅप्रन बांधून माझे मुळे पिशवीत भरले आणि दोन जास्तीचे घातले.

“चव आवडलेली दिसते,” ते म्हणाले. पुढे काही विचारलं तर पाऊस येईल का, हेच बोलत राहिले.

हे ते सोनं घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून आले. जेवताना सांगत होते, “सोनं खरं आहे. पण नदीतल्या सोन्याला काहीतरी चिकटलेलं असतं ना, गंज, माती. ह्याच्या एकाही कणाला काही नाही. लता, एकेक कण कुणीतरी पुसलाय.”

“मग? पाहुण्याला द्यायचं तर पुसूनच देणार ना.”

ते हसले. पण वरणभात कालवताना त्यांची उजवी बाही ओली दिसली मला. नळाखाली हात धुतला असेल, असं वाटलं.

दीप्तीला फोनवर सांगितलं तर ती चिडली. तिचं चिडणं तीन भाषांत असतं. “आई, हे वियर्ड आहे. कोवाई यो, भीती वाटते मला. बाबा बुडता बुडता वाचलेत आणि तुम्ही परत तिथेच जाताय? एक थँक्यू कार्ड ठेव आणि संपव. दोघं ओसाकाला या बघू.”

कार्ड ठेवून संपतं होय? ही पोरगी इथेच वाढली. तिला मी काय समजावणार.

बावीस वर्षं झाली आम्हाला इथे. शेजारीपाजारी इतके चांगले की नजर लागावी. आजारपणात सूप आणून देतात, बर्फ पडला की आमच्या दारासमोरचाही उपसतात. पण सगळं दारात. दारात वाकायचं, दारातूनच परत जायचं. “या, बसा, जेवून जा” असं अजून एकाही घरातून ऐकलं नाही. तक्रार नाही करत मी, ज्याची त्याची रीत. पण हे एकदा, डोहाकडे बघत म्हणाले होते, “निवृत्त होईन, निरोपसमारंभ होईल, फुलं देतील. आणि आपण कुणाचंही स्वयंपाकघर न बघता हा देश सोडू.”

५

दिवाळीत करंज्या आणि चिवडा गेला. डबा आला, भरून, कोमट. सोनं प्रत्येक वेळी थोडं जास्त. ते सगळं आम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतत होतो. विकायचं मनातही आलं नाही. ती बरणी देवघराशेजारी होती.

मात्र ह्यांची बाही रोज ओली असायची. कोरडा शर्ट घालून कामावर जायचे आणि संध्याकाळी उजवी मनगटपट्टी भिजलेली असायची. मी टॉवेलने हात पुसून द्यायचे, आणि बघता बघता त्या फिकट पट्ट्यावर पुन्हा दव धरायचं. दुखत नव्हतं. गार लागत होतं फक्त. “घाम असेल,” हे म्हणायचे. घाम एका मनगटाला येतो का हो कुठे?

तब्येत मात्र झकास. जिना दमाने चढणारा माणूस धाडधाड चढायला लागला. शुक्रवार आला की लहान मुलासारखे हरखायचे.

मग एका शनिवारी डबा हलका लागला. उघडला. आत लाडू होते.

क्षणभर वाटलं, माझेच परत केले. पण ते वाळूचे होते. ओल्या, बारीक, पिवळट वाळूचे, सोन्याचे कण मिसळलेले, गोल वळलेले, आणि प्रत्येकावर बेदाण्याच्या जागी एकेक तांबडा खडा. मला आधी हसूच आलं, इतकं ते गोड होतं. कुणीतरी माझं बघून करायला गेलं होतं. भातुकलीतल्या मुलींसारखं.

लाडू कुणी वळला ते मुठीच्या खुणांवरून कळतं. माझ्या आईच्या लाडवावर अंगठा खोल असायचा, माझ्या लाडवावर करंगळीची वळी राहते. म्हणून मी एक लाडू उचलून खुणा बघितल्या. चार बोटं आणि अंगठा, हे बरोबर होतं. पण बोटाची खूण सुरू व्हायची ती संपायचीच नाही. लाडवाला पुरा वळसा घालून पुन्हा स्वतःवर चढून पुढे गेली होती. एकेका बोटाचे दीड-दीड वेढे.

मी लाडू खाली ठेवला आणि ह्यांचा उजवा हात धरून बाही वर केली. पट्टा तोच होता. रुंदी तीच, वेढे तेच.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “चला घरी.”

गाडीत हीटर लावूनसुद्धा माझे पाय गार पडले होते. तरी खरं सांगते, राग आला नाही. हाच हात ह्यांच्या मनगटाला नसता तर मी आज कपाळ पांढरं करून बसले असते. भीती आणि उपकार एकाच ताटात वाढले तर माणसाने कशाला हात लावायचा? मी रात्रभर तेच चघळत पडले. सकाळपर्यंत एवढं ठरलं की मला माझा माणूस घरी हवा. त्याच्यासाठी देवाणघेवाण कुठेतरी रीतसर थांबवायला हवी, अपमान न करता.

६

पुढच्या शनिवारी मी डबा नेला नाही. दुपारी, लख्ख उन्हात गेलो. मनात ठरवून गेले होते की हात जोडायचे, म्हणायचं की तुम्ही आमचं फार केलंत, आता पुरे, येतो आम्ही. ह्यांना म्हटलं होतं, आज पाण्यात उतरायचं नाही. ते हो म्हणाले होते.

सपाट दगडावर उभी राहून मी डोळे मिटले. बोलायला शब्द जुळवत होते. पाण्याचा डुबुक असा आवाज आला, आणि मी डोळे उघडले.

हे डोहात कमरेपर्यंत उभे होते. बूटमोज्यांसकट, चांगल्या पँटीसकट. परात हातात नव्हती. तोंड माझ्याकडे होतं आणि चेहरा असा की लग्नाच्या दिवसानंतर मी तो पाहिला नव्हता.

“अहो, बाहेर या.”

“लता, बोलावतायत.” त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. “किती दिवस नुसते डबेच पाठवणार ते? आत या म्हणतायत. घरी.”

“कोण?”

ह्यांचा उजवा हात पाण्यात होता, मनगटापर्यंत. ऊन थेट डोहात शिरलं होतं, तळ दिसत होता. आणि ह्यांच्या हाताशी, पाण्याच्याच रंगाचं, काहीतरी होतं. पूर्ण दिसलं असं मी म्हणणार नाही. मनगटाभोवती एक वेढा, मग दुसरा, आणि तिथून मागे डोहाच्या सावलीत जाणारं लांबच लांब काही. ओढत नव्हतं. नुसतं धरलं होतं, फार आदराने. सावलीत आणखी कुणी असावं. पाहुण्यांना घ्यायला घरातले सगळे दारात येऊन उभे राहतात ना, तसं काहीतरी तिथे दाटलं होतं.

आणि ते माझ्याकडे वळलं. डोळे दिसले नाहीत, पण नजर कळते. ते सगळे थांबले होते. घरच्या बाईची परवानगी घेत होते.

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर किंचाळली असती, दगड मारला असता. कुणी म्हणेल, नाही म्हणायचं, ठणकावून. पण उपकारकर्त्याला तोंडावर नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही. आपल्याकडे आमंत्रण आलं आणि जायचं नसलं की आपण काय म्हणतो? जे आयुष्यभर म्हणत आले तेच माझ्या तोंडून गेलं.

“आज नको हो. घाईत आहोत. एकदा सवडीने येऊ ना, दोघं मिळून.”

क्षणभर काही झालं नाही. मग वेढा सुटला. एक, आणि दुसरा. ह्यांचा हात पाण्यावर आला. ते दोन पावलं चालून काठाशी आले, मी त्यांना काखेत धरून वर घेतलं आणि मिठी मारली. आम्ही दोघंही चिंब झालो. ते थरथरत होते आणि मनगट कोरडं होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

सावलीत पाणी एकदा खालीवर झालं. वाकल्यासारखं.

७

त्याला आता बरेच आठवडे झाले. ह्यांची बाही पुन्हा कधी भिजली नाही. डोहात उतरतानाचं त्यांना काही आठवत नाही. पाय घसरला, इतकंच म्हणतात. मी खोडून काढत नाही. मार्चअखेर ते निवृत्त होतील. दीप्ती ओसाकात घर बघते आहे आमच्यासाठी. दर फोनला नवा फ्लॅट, नवा स्टेशनापासूनचा रस्ता. मी बघू बघू म्हणते.

सकाळी उठले की आधी ह्यांच्या श्वासाकडे लक्ष देते. चहा टाकते. ते पेपर चाळत काहीतरी कुरकुर करतात आणि मला ती कुरकुर ऐकून भरून येतं. एरवी हे सगळं गेलंच होतं. हे जास्तीचे दिवस आहेत आणि ते कुणी दिलेत ते मला ठाऊक आहे. म्हणून आम्ही शनिवारी अजूनही जातो. डबा नेत नाही, तिकडूनही काही येत नाही. हे वरच्या अंगाला, उथळात वाळू धुतात. मी डोहाच्या काठी जाऊन नमस्कार करते.

गेल्या शनिवारी पाणी थंडीने इतकं निवळ झालं होतं की तळाचा खडा न खडा दिसत होता. मी वाकून पाहिलं.

तळाशी दोन सपाट दगड शेजारी शेजारी मांडले होते. शेवाळ खरवडून, घासून, लख्ख. पाट मांडतात तसे. आणि दोन्हींच्या भोवती रांगोळी होती. बारीक पिवळ्या सोन्याची, एका रेघेची महिरप, कोपऱ्यात आठ पाकळ्यांचं फूल आणि फुलाच्या देठाला एक उलटा वळसा. तो वळसा माझ्या आईचा. ती रांगोळी जपानात एकाच ठिकाणी निघते, त्सुकुबातल्या आमच्या दाराबाहेर, सणावाराला. वाहतं पाणी तिच्यावरून जात होतं आणि एक कणही हलत नव्हता.

माझे डोळे भरून आले, ते भीतीने नव्हे. कुणीतरी आमच्यासाठी इतकं मन लावून पाट मांडले होते.

हे मागून येऊन उभे राहिले. त्यांनीही पाहिलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, “किती छान मांडलंय गं.”

मी पुन्हा एकदा नीट बघितलं, पाटांसमोरची जागा. ती रिकामी होती.

“हो,” मी म्हटलं. “पण अजून पानं वाढलेली नाहीत. चला, भाजी घ्यायची आहे.”